मागच्या सीटवरचं ऊन

चंदाला दिवसाकाठी एक लिटर पाणी. त्यात सकाळचा चहा आला, भातावरचं वरण आलं, गोळ्या गिळायला लागतो तो घोटही आला. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या, त्यामुळे प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. ते आधी पायांवर सूज होऊन दिसे, मग पोटात साचे, आणि त्याहून वाढलं की छातीत उतरे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा तिला पवनीहून भंडाऱ्याला डायलिसिससाठी न्यावं लागे. तिथलं मशीन चार तासांत साचलेलं पाणी काढून घेई, आणि घरी आलं की पुन्हा तिची आणि तहानेची झोंबी सुरू.

हिवाळा कसाबसा निघाला. पण आपल्याकडचा उन्हाळा असा, की धडधाकट माणूसही माठाजवळच खाट टाकतो. चंदाचा नवरा भोजराज काटेखाये याने तिच्या बाटलीवर चुन्याच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. सकाळी एवढं, दुपारी एवढं, संध्याकाळी एवढं. ती बिचारी बर्फाचा खडा गालात धरून बसे, लिंबाची फोड चाटे. कैरीचं पन्हं तर डॉक्टरांनी साफ बंद केलेलं. घरात निदान कूलर होता, त्याच्यापुढे ओला पंचा अंगावर घेऊन ती दिवस ढकलायची. खरा घात व्हायचा तो रस्त्यात, जाता-येता मिळून अडीच-तीन तासांच्या त्या उन्हात.

एप्रिलात त्याने तिला एकदा एसटीने नेलं. अड्याळच्या अलीकडे ती सीटवरून घसरली. शेजारच्या बाईने माणुसकीने आपली बाटली तिच्या तोंडाला लावली आणि चंदाने ती एका दमात रिकामी केली. भोजराज "नाई, नाई" म्हणत हात पुढे करतो तोवर आत थेंब उरला नव्हता. सगळी बस त्याच्याकडे बघू लागली. आजारी बायकोच्या तोंडचं पाणी ओढणारा हा कोण राक्षस, असं प्रत्येकाच्या डोळ्यांत. त्याला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाड्याची एसी गाडी करावी, तर लग्नसराई. महिनाभरात दोनदा ठरवलेली गाडी सकाळी आलीच नाही. एकदा तर ड्रायव्हरनेच फोनवर सांगितलं की वरातीत आहे. नवरदेवापुढे पेशंटला कोण विचारतो! चंदा तयार होऊन, हातात फाइल धरून, ओट्यावर बसून राहायची. अशाच एका दिवशी भोजराजची नजर अंगणातल्या आपल्या गाडीवर गेली.

पांढरी मारुती, चौऱ्याण्णव सालची. इंजिन अजून ठणठणीत, एसीने मात्र वीस वर्षांपूर्वीच राम म्हटला होता. ही गाडी आली कशी, ते सांगायचं तर भोजराजची निम्मी जिंदगी सांगावी लागेल. जन्माने तो धान करणाऱ्या घरचा, पण अठराव्या वर्षी नागपूरला पळाला आणि दादाजी मिस्त्रीच्या हाताखाली एका गॅरेजात फ्रीज आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करायला शिकला. तेरा वर्षं राहिला. हात चांगला होता. मग बाप वारला, चार एकर धानाची बांधी आणि आई मागे राहिली, आणि तो परत आला. येताना गॅरेजच्या मालकाने ही गाडी पडत्या भावात दिली, आणि दादाजीने आपला लीक शोधायचा पितळी दिवा दिला.

हा दिवा म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर जळणारी एक निळी ज्योत, तिच्यावर तांब्याची चकती, आणि बाजूला एक रबरी नळी. नळीचं तोंड एसीच्या एकेका जोडावर फिरवायचं. कुठे गॅस गळत असला की तो नळीतून ओढला जाई आणि ज्योत झटकन हिरवी होई. दिसायला जादू आणि कामाला पक्का. त्या गॅरेजात या दिव्याचा शब्द म्हणजे निकाल. त्यावर कुणी वर तोंड करून बोलत नसे. भोजराजनेही तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता, बायकोच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी.

गावी परतल्यावर त्याने हत्यारं बाजूला ठेवली. शेतातला मोटारपंप सोडला तर कशाला पाना लावला नाही. तोरा मात्र गेला नव्हता. लग्नात कुणाची नवी गाडी दिसली की काचेतून हात आत घालायचा, दोन बोटं एसीच्या जाळीपुढे धरायचा आणि जाहीर करायचा, "गॅस कमी हाय." लोक हसायचे, चंदा पदराआड हसायची, पण याला वाटायचं, सगळे मान देतात.

तर आता प्रश्न असा होता, की त्या मारुतीत जो जुना गॅस चाले, तो बाजारात राहिलाच नव्हता. आभाळाच्या वरच्या थराला तो भोकं पाडतो, म्हणून जगभर बंद झाला. भंडाऱ्यात स्टँडमागे गाड्यांच्या एसीचं काम करणारा कमलेश होता, चाळिशीतला, सरळ माणूस. त्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात नवा गॅस चालन, पण नुसता भरून नाई होत. जुनं तेल धुवा लागते, रबरं बदलवा लागते, ड्रायर नवा. अन् सध्या पाय ठेवाले जागा नाई माह्याकडं. आठ दिवस गाडी ठेवून द्या."

आठ दिवस म्हणजे तीन डायलिसिस. भोजराजने बॉनेट लावलं. "मी करतो," तो म्हणाला. "तेरा वर्षं हेच केलं."

रागाने म्हणाला असं नाही. घाबरून म्हणाला. परतीच्या वाटेवर चंदा ओठ आत ओढून, डोळे मिटून पडलेली असायची आणि हा मनातल्या मनात किलोमीटरचे दगड मोजायचा. आपल्या हातांनी काहीतरी करता येईल, एवढं सुचल्यावरच त्याला त्या महिन्यात पहिल्यांदा धड जेवण गेलं.

नागपूरला जाऊन त्याने सामान आणलं. नव्या गॅसचे डबे, त्याला चालणारं तेल, हिरव्या रबराच्या रिंगा, आतली ओल शोषणारा ड्रायर, गॅस भरायची नवी तोंडं, आणि दोन दिवसांसाठी भाड्याने नळ्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप. दुकानदाराने चार गोष्टी समजावल्या. जुनं तेल नव्या गॅससोबत फिरत नाही, थेंबही आत राहू देऊ नका, नाहीतर कॉम्प्रेसर जाम होईल. रिंग एकही जुनी ठेवू नका. आणि गॅस जुन्या मापापेक्षा कमी भरा. दिव्याबद्दल तो काही बोलला नाही. तसला दिवा अजून कुणाच्या घरी असेल, हे त्याच्या मनातही आलं नसावं.

शनिवार-रविवार भोजराज अंगणातल्या कडुलिंबाखाली गाडीत डोकं घालून होता. कॉम्प्रेसर उतरवून उलटा टांगला, काळं पडलेलं तेल गळू दिलं, कॉइल धुतलं, नळ्या धुतल्या, रिंग न् रिंग बदलली. खोटं कशाला बोलावं, काम त्याने देखणं केलं. वीस वर्षांनी एसीला पाना लावला होता, पण बोटं विसरली नव्हती. चंदा दारात पाटावर बसून बघत होती. मधूनच तिला हसू यायचं, कारण तेलाने काळा झालेला हा माणूस लग्नानंतर नागपूरच्या खोलीवर यायचा तसाच दिसत होता.

रविवारी संध्याकाळी गॅस भरून झाला. भोजराजने फडक्यातून दिवा काढला, पेटवला, आणि नळीचं तोंड जोडाजोडावरून फिरवलं. ज्योत निळी ती निळीच.

"अजी," चंदा म्हणाली, "साबण नाई लावून पाह्यत का? सिलिंडरवाला नळीले लावते तसा?"

"सिलिंडर येगळा न् हे येगळं." त्याने मान वरही केली नाही. "इथं दिव्याले समजते. निळी हाय म्हणजे लीक नाई. इषय संपला."

सोमवारी सकाळी गाडी निघाली आणि पंधरा मिनिटांत आतली हवा अशी गार झाली की चंदाने पदर खांद्यावर ओढून घेतला. ती मागे उशीला टेकून, सुया टोचायचा डावा हात मांडीवरच्या छोट्या उशीवर ठेवून आडवी झाली आणि अड्याळ येईपर्यंत झोपून गेली. बाटलीतली दुपारची रेघ संध्याकाळपर्यंत तशीच होती. बुधवारी वजनकाट्यावर पाहिलं, तर अंगातलं पाणी दोन किलोंच्या आत. डायलिसिसची सिस्टर रिता खूश झाली. "काकू, असंच ठेवा," ती म्हणाली. भोजराज शेजारी असा उभा होता, की सत्कार त्याचाच चाललाय.

शुक्रवारीही बरं गेलं. मग दुसऱ्या आठवड्यात, परतताना, चंदा मागून म्हणाली, "आज थोडं कमी लागून राह्यलं जी."

"चारचं ऊन हाय. लागनच."

सकाळी, गाडी पळत असताना, पुढे खरंच गार वारा यायचा. मारुतीच्या त्या चिमुकल्या एसीची जाळी ड्रायव्हरच्या तोंडासमोर. जेवढं गार उरलं होतं ते सगळं भोजराजच्याच नाकावर येऊन संपत होतं. हे त्याच्या डोक्यात शिरेना. एकदा त्याने गॅसचा दाब मोजणारं गेज लावून पाहिलं, काटा खाली होता. नव्या गॅसचा काटा खालीच राहत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, तरी मनाला बरं वाटावं म्हणून वरून अर्धा डबा गॅस टाकला. दोन दिवस पुन्हा छान गार झालं. झालं, त्याची खात्री पटली. तिसऱ्या दिवशी चंदा पुन्हा म्हणाली, गार नाही, तेव्हा तो चिडला.

"किडनीवाल्याले गरम जास्तच लागते. डॉक्टरनं सांगतलं होतं."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं.

आणि तिकडे वजनकाटा चढत चालला. तीन किलो. साडेतीन. रिता काळजीने म्हणाली, "काकू, पाणी जास्त होऊन राह्यलं हो." भोजराजला मात्र वाटलं, आपल्या तोंडात मारली. एवढा जीव काढून गाडी गार केली, आता हिला तहान लागायचं कारण काय? म्हणजे ही चोरून पिते.

पीतच होती ती. त्याच संध्याकाळी त्याने तिला न्हाणीत पकडलं. भंडाऱ्याहून येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. ती बादलीजवळ उकिडवी बसून आंघोळीचं पाणी ओंजळीने पीत होती, घाईघाईने, हनुवटीवरून पाणी गळत होतं. भोजराजने तिच्या हाताला हिसका दिला. पाणी भिंतीवर उडालं.

"मराचं हाय का तुले?" तो ओरडला. "गाडी गार करून देली, आता अजून काय करू मी? सांग, काय करू?"

"गाडीत जीव जाते माह्या," चंदा खालीच बसून म्हणाली. "मागं गार येतच नाई जी. घसा सुकून जाते. मंग घरी आली का राह्यवतच नाई."

"येते! मी समोर बसून राह्यतो न? माह्या तोंडावर गार वारा येते."

"तुमच्या तोंडावर येते."

तो तरातरा बाहेर गेला, दिवा घेऊन आला, तिला हाताला धरून अंगणात नेलं आणि बॉनेट उघडून तिच्या देखत एकेक जोड तपासला. वाकून वाकून त्याची कंबर दुखायला लागली. ज्योत निळी होती.

"पाह्य. नीट पाह्य. लीक असती तं हिरवी झाली असती. तीस वर्षांत हा दिवा एकदाबी खोटं नाई बोलला."

चंदा ज्योतीकडे बघत राहिली. "म्हणजे मी खोटं बोलून राह्यली," ती म्हणाली.

त्याने दिवा विझवला, फडक्यात गुंडाळून डिक्कीत ठेवला आणि आत गेला. मग माठ उचलून मागच्या खोलीत ठेवला आणि खोलीला कुलूप घातलं. वाटेने जाणाऱ्यालाही ज्या घरातून पाण्याशिवाय कधी कुणी जाऊ दिलं नाही, त्या घरात त्याने पाण्याला कुलूप घातलं, आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. त्याला त्या माणसाचा दुष्टपणा म्हणू नका. बायको मरेल या भीतीने तो पार पिसाळला होता, आणि पिसाळलेल्या माणसाला जे जवळ सापडतं त्यालाच तो चावतो. सानगडीला दिलेली त्यांची मुलगी डिंपल फोनवर विचारायची, "आई, गाडीत बरं वाटते न आता?" चंदा म्हणायची, "हो बाई. लय गार हाय." त्या दिवसानंतर तिने तक्रार केलीच नाही.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. त्यातल्या शुक्रवारी सकाळपासूनच तिला आडवं होता येत नव्हतं. गाडीत ती दोन्ही हात पुढच्या सीटला धरून, वाकून बसली. भोजराजने आरशातून विचारलं, "गार लागते न?"

"लागते," ती म्हणाली.

अड्याळ मागे पडलं तसा तिचा श्वास त्याला इंजिनच्या आवाजातूनही ऐकू यायला लागला. हंड्यात पाणी उकळावं तसा आवाज छातीतून येत होता. "चंदा, डोळे उघड. चंदा!" तिने काच खाली करायची खूण केली. काच खाली केली तर झळ अशी आत आली की त्यालाच गुदमरलं. पहेला गावाजवळ समोरून ट्रक येत असताना त्याने गाडी पुढे काढली, त्याला नंतर ते आठवतही नव्हतं. एवढंच आठवत होतं, की तो देवाला काही मागत नव्हता. तो नुसता "थांब व, थांब व" म्हणत होता, आणि ते कुणाला म्हणतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात रिता चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. चंदाला आधार द्यायला ती मागच्या सीटवर चढली आणि चढल्या चढल्या म्हणाली, "बाप रे! काका, एसी बंद होता का रस्ताभर?"

"नाई," भोजराज म्हणाला. "सुरू हाय. आताही सुरू हाय."

रिताने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चंदाला उतरवून आत घेऊन गेली. भोजराज गाडीजवळ उभा राहिला. मग त्याने मागच्या सीटवर हात ठेवला. रेक्झिन भाजत होतं. जिथे चंदा वाकून बसली होती तिथे घामाने ओल उमटली होती. तीन आठवड्यांत या सीटवर आपण एकदाही बसून पाहिलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी गेलंय, मशीनवर घेतलंय, आता काही सांगता येत नाही. नातेवाइकांनी बाहेर बसावं. भोजराज पाच मिनिटं बसला. आतून मशीनची पिपी ऐकू येत होती. बसवेना. तो उठला आणि गाडी घेऊन कमलेशकडे गेला, का गेला हे धड ठाऊक नसताना. कुणीतरी आपल्याला खोटं पाडावं, अशी त्याची इच्छा होती बहुतेक.

"लीक नाई, अन् गार होत नाई," तो कमलेशला म्हणाला. "मी दोनदा पाह्यलं." आणि डिक्कीतून दिवा काढून दाखवला.

कमलेशला आधी हसू आलं. "अरे बाप्पा, हा कुठून आणला काका? माह्या गुरूकडं होता असा." मग त्याने भोजराजचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "याच्यानं पाह्यलं तुम्ही? नवा गॅस?"

"हो."

कमलेश पुढे झाला. दिवा पेटवला, नव्या गॅसचा डबा घेतला, दिव्याच्या नळीजवळ आणला आणि क्षणभर तोंड मोकळं केलं. फस्सकन गॅस सुटला, थेट नळीच्या तोंडावर. ज्योत जरा हलली. हिरवी झाली नाही.

"जुन्या गॅसात क्लोरीन होतं," कमलेश हळू आवाजात म्हणाला. "ते तांब्यावर जळे, म्हणून हिरवं दिसे. याच्यात ते नाईच न काका. अख्खा डबा सोडला तरी याले दिसनार नाई."

मग त्याने वाटीत कपड्याच्या साबणाचा फेस केला आणि ब्रशने जोडांना लावत गेला. भोजराजने बदललेल्या रिंगांवर काहीच नाही. त्याचं काम चोख होतं. पण पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरकडे जाणाऱ्या जुन्या रबरी पाइपाच्या टोकाला, जिथे लोखंडी टोपी दाबलेली असते, तिथे फेसाचा एक फुगा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. एका मिनिटाचंही काम नव्हतं. चंदाने दारात बसून सांगितलं होतं तेवढंच.

भोजराज तिथेच, ग्रीसच्या डागांवर, खाली बसला. त्याला रडू आलं नाही. त्याच्या कानात चंदाचं न्हाणीतलं 'मागं गार येतच नाई जी' येत होतं, आणि भिंतीवर उडालेलं पाणी दिसत होतं. कमलेशने हातातली बाकीची कामं बाजूला सारली, पाइप बदलला, पुन्हा व्हॅक्यूम लावलं, गॅस भरला. वाट पाहायला लावली नाही. मागच्या सीटवर स्वतः जाऊन बसला, दार लावून घेतलं, आणि दहा मिनिटांनी उतरून म्हणाला, "आता आलं मागं. जा काका."

चंदा वाचली. मशीनने साडेचार किलो पाणी काढलं. रविवारी तिला घरी सोडलं, तेव्हा भोजराजने तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दिवा, कमलेश, साबण, फुगा. "तुह्यंच खरं होतं चंदा," तो म्हणाला. "मी गाढव." तिने मान हलवली. त्याने करगोट्याची किल्ली सोडली, माठ परत जागेवर आणला आणि तिच्या हातात पेला दिला. तिने एक रेघभर पाणी मोजून घेतलं, प्यायली, आणि पेला उपडा ठेवला. रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने तांदूळ निवडायला घेतले.

बुधवारी डायलिसिस करून परतताना चार वाजले होते. बाहेर डांबर लकाकत होतं. गाडीत गार होतं. भोजराजने निघण्याआधी मागे पाच मिनिटं बसून स्वतः खात्री केली होती. भंडारा सुटल्यावर त्याने विचारलं, "गार लागते न व?"

"लागते जी."

त्याचा जीव सुखावला. पहेल्याला पुन्हा विचारलं. "लागते." तोच आवाज, तेवढाच. आणि मग त्याच्या मनात काहीतरी खुपलं. हाच आवाज त्याने ऐकला होता. त्या शुक्रवारी, छातीत पाणी उकळत असताना, सीट धरून वाकलेली असताना, ती असंच म्हणाली होती, लागते.

त्याने एसीचं बटण दाबून बंद केलं. पंखा तसाच फिरू दिला, म्हणजे आवाज बदलायला नको. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटत होती, पण कळल्याशिवाय राहवत नव्हतं. पाच मिनिटांत जाळीतून कोमट वारा यायला लागला. दहा मिनिटांत त्याच्या पाठीला सदरा चिकटला. आरशात चंदाच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब दिसत होते. तिने पदराने ते टिपले, हात पुन्हा उशीवर ठेवला आणि बाहेर बघत राहिली.

"चंदा," त्याने विचारलं. "गार लागते का?"

"लागते जी."

त्याने रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली गाडी थांबवली. बटण दाबून एसी परत सुरू केला. मग उतरला, मागचं दार उघडलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसला.

"बंद होता व," तो म्हणाला. "मीच बंद केल्ता."

"मालूम हाय."

"मंग सांगतलं काहून नाई? हो काहून म्हणतं? मले खरं नाई सांगशील तं मी कोणाले विचारू, चंदा?"

चंदाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग दिसला असता, तर त्याने तिचे पाय धरले असते.

"सांगून पाह्यलं होतं न जी," ती म्हणाली.